आगरातल्या आगगाडीचा खरा वृत्तान्त

॥ श्री ॥

मु. मिऱ्या, रत्नागिरी
श्रावण वद्य तृतीया, शके १८५६

राजमान्य राजेश्री काशीरामभाऊ तांडेल, वस्ती अंजनवेल, यांस मिऱ्याच्या आत्माराम भाटकराचा वाकून रामराम.

इकडे सर्व कुशल आहे असं पत्राच्या तोंडाशी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ते कितपत खरं मानायचं ते पुढला मजकूर ऐकून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा या पावसाळ्यात काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? गलबत शाकारून ठेवलं होतं ते उघडलंत का, की यंदाही घुशींनी शीड कुरतडलं? नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवला, बोटी आज-उद्या सुरू होतील, तेव्हा तुमची सगळ्यांची धावपळ चालू असेल. तुमची बहीण मृगाच्या आधी शेवटच्या बोटीने तुमच्याकडे आली ती अजून तिथेच आहे. तिची प्रकृती मी विचारत नाही. रागावलेलं माणूस सहसा आजारी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे पत्र मी तिला परत पाठवा म्हणून लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. यावं की न यावं हा तिचा प्रश्न आहे. मी लिहितो आहे ते एवढ्याचसाठी, की आमच्या रेल्वेबद्दल तिने तुम्हाला काय काय सांगितलं असेल ते मी इथे बसून ऐकू शकतो. पावसाळाभर तुम्ही एकच बाजू ऐकलीत. रेल्वेत अपघात झाला तर रीतसर चौकशी होते, सगळ्यांचे जबाब घेतात आणि मगच ड्रायव्हरला घरी बसवतात. इथे चौकशी झालीच नाही आणि मी घरी बसलो आहे, तोही एकटा. तेव्हा माझा जबाब ऐकून घ्यावा.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी सगळी उमेद मुंबईत आगगाडीच्या कारखान्यात गेली. फिटर म्हणून लागलो आणि केस पिकल्यावर सुटलो. आमच्या रत्नागिरीला आगगाडी नाही. येणार, येणार म्हणून माझ्या बापाच्या वेळेपासून ऐकतो आहे. साहेब लोक येतात, दुर्बीण लावून डोंगर बघतात, आंबे खातात आणि जातात. नोकरी सोडून गावी आलो तर मला झोपच लागेना. इंजिनाची शिट्टी नाही, डबे जोडल्याचा धक्का नाही, नुसती समुद्राची गाज. (तुम्ही म्हणाल, गाजेत वाईट काय? तांडेलाला काही नसेल. मला ती फाटकापलीकडून आवाज देणाऱ्या आणि कधीच न येणाऱ्या गाडीसारखी वाटते.) तेव्हा मी मनाशी म्हटलं, सरकार आणत नाही तर आपण आणू, आणि आमच्या घरामागच्या आगरात माडापोफळींमधून लहानशी लाइन टाकायला घेतली. विहिरीपासून निघून पाट ओलांडायचा, फणसाखालच्या बोगद्यातून जायचं, गोठ्याला वळसा घालायचा आणि उतारावरून मागल्या अंगणात येऊन विहिरीकडे परतायचं, असा मार्ग. पट्ट्या घासून रूळ केले, आईनाच्या लाकडाचे स्लीपर घातले, चाकं मुंबईहून जुन्या दोस्तांनी कातून पाठवली. स्टेशनांना नावं दिली: विहिरीजवळ बोरीबंदर, फणसाखाली कसारा (तो पुण्याच्या वाटेवर नाही हे मला ठाऊक आहे, पण बोगदा म्हटला की मला तोच आठवतो), आणि गोठ्यापाशी पुणे. त्यानंतर तुमची बहीण रोज सकाळी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणू लागली, "पुण्याला शेण काढूक जातंय गो." पुण्याच्या लोकांनी ऐकलं तर त्यांना काय वाटेल, याचा तिने विचार केला नाही.

आता इंजिनाच्या बॉयलरबद्दल. हे तुम्हाला सांगितलं गेलं असणारच, म्हणून मीच सांगतो. बॉयलर पितळी डब्याचा आहे. तोच डबा, जो तुमच्या वडिलांनी, कै. धाकू तांडेलांनी, तिला लग्नात आंदण दिला आणि ज्यावर आपलं आणि तिचं नाव कोरून घेतलं. तो मी न विचारता घेतला, हे धादांत खोटं आहे. मी विचारलं होतं, "डबा रिकामा आहे का?" ती म्हणाली, "कुळथाचं पीठ संपलंय, रिकामाच आहे." याहून स्पष्ट संमती कुठल्या कारखान्यात मिळते? डबा बॉयलरसाठीच जन्माला आल्यासारखा होता, गोल, जाड, झाकणासकट. चिमणीसाठी भोक पाडावं लागलं, ते नेमकं तिच्या नावावर आलं, याला माझा इलाज नव्हता. तिथेच पत्रा सपाट होता. पण तुमच्या वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर शाबूत आहे, आणि तांडेलांनी हयातीत कधी गाडीत पाय ठेवला नाही तरी आता त्यांचं नाव आमच्या आगरात गोल गोल फिरतं, हा त्यांचा मानच झाला असं मी समजतो. फक्त वाफेला पुष्कळ दिवस कुळथाच्या पिठीचा वास येत असे. इंजिन म्हशीसारखं फुसफुसतं म्हणून वाडीतल्या लोकांनी त्याचं नाव रेडी ठेवलं. मला ते आवडलं नाही, पण चिकटलं ते चिकटलं.

उद्घाटन अक्षय तृतीयेला केलं. आमचा भिकाजी गुरव तुम्हाला आठवत असेल, तो पाहुण्यांत होता. आमच्या गावात नवं काही सुरू करायचं, मग ती विहीर असो, नाहीतर म्हशीचं दावं, आधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं ही पद्धत. तुमच्याकडे होडी पाण्यात लोटताना करता तसंच. भिकाजीने सगळ्यांसमोर विचारलं, जागेवाल्याला नारळ दिलास काय? मी म्हटलं, मुंबईत एवढ्या गाड्या धावतात, तिथे कोण नारळ देत बसतो? भिकाजीने नुसती मान हलवली आणि पेढा खाल्ला. तुमच्या बहिणीने मला आत बोलावून सांगितलं की नारळ घरचेच आहेत, एक दिलात तर काय बिघडेल. मी म्हटलं, रेल्वे नियमावर चालते, नारळावर नाही. त्या दिवशी गाडी बोरीबंदरहून निघाली ती पुण्यापर्यंत विनातक्रार गेली आणि मी सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की त्याची आता लाज वाटते.

पहिला अपघात पाटावरच्या पुलाचा. पोफळीच्या सोटाचा पूल होता, मजबूत होता. आमच्याकडे रोज सकाळी तुमची बहीण विहिरीचं पाणी पाटात सोडून माडांच्या आळ्यांत फिरवते. रेल्वे झाल्यावर मी तिला नियम घालून दिला की गाडी पुलावर असताना पाटाला पाणी सोडायचं नाही, आणि मी निशाण दाखवीन तेव्हा थांबायचं. हिरवं निशाण तिच्या जुन्या चोळीचं, लाल सत्यनारायणाच्या चौरंगावरच्या फडक्याचं. (म्हणजे तिला मी सिग्नलवाली नेमलं होतं. नेमताना विचारलं नाही हा तिचा आक्षेप आहे. मलाही मुंबईत विचारून नेमलं नव्हतं.) त्या सकाळी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि पाणी येताना दिसलं. मी पुण्याहून जिवाच्या आकांताने लाल फडकं हलवलं. तिने पाहिलं, मान डोलावली, आत गेली आणि चहा घेऊन आली. तिचं म्हणणं, मी चहा मागतानाही असाच हात हलवतो. तोवर पूल वाहून गेला होता, इंजिन पाटात नाक खुपसून उभं होतं आणि डब्यांतले उतारू, जे मी सावरीच्या लाकडाचे कोरून रंगवले होते, ते पोफळीच्या आळ्यापर्यंत वाहत गेले. एवढं मात्र खरं, की चिखलात हात घालून एकूण एक उतारू तिनेच शोधून काढले आणि चुलीच्या कडेला वाळत ठेवले. फक्त गोऱ्या साहेबाला तिने चुलीच्या फार जवळ ठेवलं आणि तो काळा पडला. तेव्हापासून तो तिसऱ्या वर्गाने जातो.

दुसरा अपघात शेजारच्या गंगुबाईच्या कोंबडीचा. बोगदा म्हणजे मी फुटका रांजण आडवा पुरून वर माती घातली होती. आत अंधार, गारवा, माणसाचा त्रास नाही. कोंबडीला आणखी काय हवं? तिने तिथे अंडी घातली आणि बसली. मी वेळापत्रकाप्रमाणे गाडी सोडली. गाडी आत गेली, आतून असा काही कालवा झाला की मला वाटलं डोंगरच खाली आला, मग आधी कोंबडी बाहेर आली आणि तिच्यामागून इंजिन. बॉयलर तापलेला, वर अंडी फुटलेली. चिमणीभोवती पोळा तयार होत होता. गंगुबाईने कमरेला पदर खोचून माझ्या खानदानाचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येत नाही. मी तिला समजावत होतो की बोगद्यात शिरण्याआधी कोंबडीने दोन्हीकडे पाहायला हवं होतं, तेवढ्यात तुमच्या बहिणीने आमची चांगली तलंग कोंबडी तिच्या हातात दिली आणि भांडण मिटवलं. मला हे पटलं नाही, कारण त्यामुळे चूक आमची होती असं ठरलं. तसं मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "गाडी तुमची, चूक कोंबडीची, आणि तोंड द्यायचं मी." यावर नियमपुस्तकात काही सापडलं नाही.

आता मुख्य अपघात. यंदा तुम्हाला आंबापोळी पोचली नाही ती का, हे यातून कळेल. वैशाखाचे शेवटचे दिवस. मागल्या अंगणात तुमच्या बहिणीने ताटंच्या ताटं रस ओतून वाळत घातला होता. रोज नवा थर द्यायचा, उलटायचा, कावळे हाकायचे, तिचं चालू होतं. कोकमाचे रातांबेही पिकले होते आणि ते आगरातून वाहून आणायचे होते. रेल्वे कशाला, हातानं आणलं तर लवकर येतं, असं ती नेहमी म्हणते, म्हणून मी मुद्दाम डबे रातांब्यांनी भरले आणि गाडी सोडली. म्हणजे बघा, तिच्याच कामासाठी. गाडी पुण्याहून सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. उताराला लागली आणि रातांब्यांच्या ओझ्याने ती जी धावत सुटली, ती वळणावर रुळाचं ऐकेना. सरळ अंगणात शिरली, एक ताट उडवलं, दुसरं ओलांडलं, तिसऱ्यात चाकं रुतली आणि इंजिन आडवं झालं. तुमची बहीण तिथेच ओणवी होऊन पोळी उलटत होती. बॉयलरचं कढत पाणी तिच्या पायावर गेलं.

मी धावत आलो आणि ओरडलो. काय ओरडलो याबद्दल ती तुम्हाला सांगेल की मी "इंजिन! इंजिन!" असं ओरडलो. याबाबत आमच्यात मतभेद नाही. खाली स्पिरिटचा दिवा पेटता असतो. इंजिन आडवं राहिलं तर आग लागते, म्हणून आधी इंजिन उभं करायचं, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. (त्या वेळी नव्हे, दुसऱ्या दिवशी बंदराच्या वाटेवर.) तिने पदराने धरून इंजिन उचललं, उभं केलं, दिवा फुंकला. मी म्हटलं, "चाक वाकलं काय बघ." ती म्हणाली, "माझा पाय भाजलाय." मी म्हटलं, "हो, पण चाक?"

चाक वाकलं नव्हतं.

ती आत गेली, पायाला कोरफड लावली आणि रात्रीचं जेवण वाढलं. पिठी, भात, सुकटीची चटणी, सगळं रोजच्यासारखं. तेव्हा मला वाटलं प्रकरण मिटलं. सकाळी पाटाला पाणी आलं नाही म्हणून बघायला गेलो तर ती बोचकं बांधून ओटीवर बसली होती. आमचे नारळ उतरवणारा लवू पाडेली बोचकं घेऊन पुढे झाला, ती मागून लंगडत, आणि मी त्यांच्या मागून बंदरापर्यंत गेलो. कधी येशील असं मी विचारलं नाही, कारण मला वाटलं ती सांगेल. तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं असावं मी विचारीन. दोन्ही स्टेशनं एकमेकांच्या घंटेची वाट बघत बसली आणि बोट सुटली. ती मोसमाची शेवटची बोट होती हे मला परत येताना लवूने सांगितलं.

पावसाळा कसा गेला ते विचारू नका. पेज करपते, भात गिच्च होतो आणि मिठाचा डबा कुठे असतो हे मला आषाढात कळलं. वाडीतली माणसं विचारू लागली की मथुराकाकी कुठे गेल्या. खरं सांगायचं म्हणजे त्यांना चाकाची गोष्टही सांगावी लागली असती. म्हणून मी सांगून टाकलं की भावजयीच्या बाळंतपणाला गेली आहे. (वहिनींनी राग मानू नये. मला त्या क्षणी दुसरी कुठली भावजय आठवली नाही.) गंगुबाईने तोंडाला पदर लावला, मला वाटलं, तिला आनंद झाला. पुढे मुलगा की मुलगी असं विचारलं तेव्हा मी मुलगा म्हणून सांगितलं, कारण एकदा गाडी सोडल्यावर मध्येच उभी करता येत नाही. तेव्हा या वयात तुम्हाला मुलगा झाला आहे हे लक्षात असू द्यावं. कुणी इकडचं भेटलंच तर त्याचं बारसं झालं का, एवढं विचारील.

श्रावणात चार दिवस ऊन पडलं तेव्हा मी रूळ पुसले, बॉयलर भरला आणि गाडी बाहेर काढली. काशीरामभाऊ, काय सांगू, तशी गाडी कधी धावली नव्हती. पाटाला पाणी नाही, बोगद्यात कोंबडी नाही, अंगणात ताटं नाहीत. अपघात व्हायला काही कारणच उरलं नव्हतं. मी पुण्याला हिरवं निशाण घेऊन उभा होतो. गाडी वेळेवर आली, वेळेवर गेली, आणि मी सवयीने मागल्या दाराकडे बघितलं. एरवी गाडी तिथवर पोचली की तुमची बहीण हातातलं काम न सोडता आतून विचारत असे, "पोचली का वो तुमची रेडी?" मला त्या विचारण्याचा फार राग येत असे. दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मी तिकडेच बघत राहिलो. तेवढ्यात विहिरीकडच्या वळणावर पावसाने स्लीपरखालची माती गेलेली होती ते मला दिसलं नाही, आणि गाडी डबे, उतारू आणि तुमच्या वडिलांच्या नावासकट विहिरीत गेली. तांडेल सात समुद्रांत कधी बुडाले नाहीत ते आमच्या विहिरीत बुडाले, याचं मला वाईट वाटलं.

लवूने बुड्या मारून इंजिन काढलं. चिमणीतून बेडूक निघाला. तोवर सगळी वाडी जमली होती आणि गंगुबाई म्हणाली, आता तरी जागेवाल्याला नारळ दे. इतक्या लोकांसमोर विहिरीच्या काठावर ओल्या इंजिनासकट उभं राहून नियमपुस्तकाच्या गोष्टी करायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, देतो. तेही लोकांच्या समाधानासाठी, हे लक्षात असू द्या. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भिकाजी आला. फणसाच्या बुंध्याशी नारळ, विडा, उदबत्ती ठेवली आणि आम्ही सगळे हात जोडून मागे उभे राहिलो. गाऱ्हाणं घालणाऱ्याला मध्ये अडवायचं नसतं, त्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याला आधी बजावलं होतं की रेल्वेपुरतं बोल.

"बा जागेवाल्या म्हाराजा! ह्या आत्मारामानं आज तुझ्या पायाशी नारळ ठेवलान हाय!" व्हय म्हाराजा! "त्याच्या हातून काय चुकलं आसंल तर पोटात घाल, त्याच्या रेडीला रुळावर ठेव, परत हिरीत घालू नको!" व्हय म्हाराजा! इथवर ठीक चाललं होतं. भिकाजीने दम घेतला आणि आवाज चढवला. "आनि म्हाराजा, ह्याची घरवाली रागानं म्हायेरी गेली हाय!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली, व्हय म्हाराजा! "ह्यो सांगतो, भावजयीच्या बाळंतपणाला गेली! भावजय साठीला टेकली, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! (वय भिकाजीने सांगितलं, मी नव्हे.) "ह्याला एकट्याला करमत नाय, रांधलेलं कुत्रं खात नाय, आनि बोलवाय जायाची ह्याला लाज वाटते! तर तू तिच्या पायाचा फोड बरा कर, मनातला राग घालव, आनि मथुरेला सुखरूप आपल्या घरी आन रे म्हाराजा!"

भाऊ, गाऱ्हाण्यात "नाही महाराजा" म्हणायची सोय नाही. मी जमिनीकडे बघत उभा होतो. म्हणजे सगळ्या पावसाळ्यात या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी एकानेही मला खोटं पाडलं नव्हतं. उलट गंगुबाई दर दोन दिवसांनी मुद्दाम बाळाची चौकशी करून जाताना वाटीभर कालवण ठेवून जात होती. सगळ्यांचं म्हणून झालं आणि मग मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. उशिरा म्हटलं, त्यामुळे माझं एकट्याचंच ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि माणसं आपापल्या घरी गेली.

असा सगळा वृत्तान्त आहे. आता चूक कुणाची ते तुम्हीच सांगा. मी तिला पाठवा म्हणून लिहीत नाही. जे मागितलं ते भिकाजीने मागितलं. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, नव्या मुलालाही. माझ्यावरचा लोभ या पावसाळ्यात भिजून कमी झाला असल्यास उन्हात घालून पुन्हा वापरात आणावा.

आपला,
आत्माराम भाटकर

ता. क. पत्राचं खरं काम लिहायचं राहून गेलं. विहिरीत पडून बॉयलरला चीर गेली आहे. तुमच्या जुन्या गलबतावरचा पितळी कंदील मोडीत काढणार होतात, तो अजून असेल तर कुणाबरोबर तरी पाठवावा. त्याचं पितळ चांगलं आहे. बाकी या पत्रात महत्त्वाचं काही नाही.

दुसरा ता. क. काशीरामभाऊ, तुम्ही वारा वाचता, पाणी वाचता, पण कागद वाचत नाही, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. आणि सध्या तुमच्या घरात चौथी शिकलेलं माणूस एकच आहे. तेव्हा हे पत्र पहिल्या ओळीपासून तुम्हाला कोण वाचून दाखवतंय, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. आता वाचणाऱ्याने भाऊंना "संपलं" म्हणून सांगावं, त्यांना गुडघ्याला तेल लावू द्यावं, आणि पुढचं मनात वाचावं.

मथुरा, पाय कसा आहे? हे मला त्या दिवशी अंगणात विचारायचं होतं. रात्री जेवताना विचारायचं होतं, बंदरावर विचारायचं होतं. प्रत्येक वेळी जिभेवर आलं आणि मी दुसरंच काही बोललो. फोड उठला होता का? वण राहिला का? त्या दिवसापासून मला तुझा पायच दिसतो. कंदील नको आहे मला. कंदिलाचं काय करू? तू गेल्यावर पाऊस लागेपर्यंत पाटाला पाणी मीच सोडलं, पण तू कुठल्या माडापासून सुरुवात करतेस ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं, म्हणून कुठूनही केली.

तिसरा ता. क. (पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षर समजून घे.) पत्र टपालात टाकलं नाही. टपालपेटीपर्यंत गेलो आणि बोट लागलेली दिसली, तेव्हा तसाच पुढे बंदरावर गेलो. हे दाभोळच्या धक्क्यावर बसून लिहितो आहे. बोट मला फार लागली. रेल्वेत सगळा जन्म काढला पण पोटातलं कधी बाहेर आलं नव्हतं, ते आज जयगडच्या आधीच आलं. एवढं भाऊंना सांगू नकोस. आता खाडी ओलांडून होडीने अंजनवेलला येतो. वाटेत जो कोणी भेटेल त्याच्या हाती हे पत्र आत पाठवीन आणि मी दगडी गडग्याबाहेर उभा राहीन. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा मी तिथेच आहे. पाऊस असेल तर भिजतही असेन, कारण छत्री घेऊन निघालो नाही. तू चल म्हणालीस तर नेईन, नको म्हणालीस तर एक तांब्या पाणी पिऊन परत जाईन. पण भाऊंना बाहेर पाठवू नकोस, तूच ये. आणि पाय अजून दुखत असेल तर चालत येऊ नकोस. नुसती दारात उभी राहा. मी येतो.